लाल शाईतली सूचना

आमच्या घरी सकाळचा पेपर वाचून झाला की त्यावर लाल शाईच्या खुणा उमटलेल्या असायच्या. अण्णा कोल्हापूर महापालिकेत नगरसचिव कार्यालयात कारकून होते. सभांची इतिवृत्तं लिहिणं हे त्यांचं काम, त्यामुळे शब्दावर डोळ्यांत तेल घालून लक्ष. पेपरात ‘महापौरांनी प्रशासनाला आदेश दिले’ असं छापून आलं की ते खिशातलं लाल पेन काढायचे, ‘आदेश’वर आडवी रेघ मारायचे आणि वर बारीक, गोल अक्षरात ‘सूचना’ लिहायचे. तो पेपर मग आई डब्यांखाली अंथरायची, नाहीतर महिनाअखेरीला रद्दीवाला न्यायचा. ती दुरुस्ती वाचणारं घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

नववीत असताना मी एकदा विचारलं, “अण्णा, आदेश काय आणि सूचना काय, सांगितलं म्हणजे झालंच की.”

त्यांनी चष्मा काढून पेपरावर ठेवला. “अगं, आदेश आयुक्तांचा. सूचना महापौरांची. ठराव सभेचा. हे तीन शब्द आपापल्या जागी बसले की महापालिका कळली. नाहीतर माणूस नको त्या दारात जाऊन दिवसभर उभा राहतो.”

मी ते पाढ्यासारखं पाठ केलं. समजलं मात्र कितीतरी वर्षांनी, आणि तेही गटारीवरच्या एका स्लॅबपायी.

शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अलीकडे आमचं घर. गणपतीच्या आधी पंधरा दिवस मूर्ती न्यायला गावोगावचे टेम्पो आत येतात, त्यातल्याच एका टेम्पोच्या मागच्या चाकाखाली गल्लीच्या तोंडाचा स्लॅब खचला. गणपती झाले, दसरा झाला. गल्लीतल्या दहा-बारा जणांनी ठरवलं की खालच्या कुणाला भेटण्यात अर्थ नाही, थेट महापौरांकडेच जायचं. शहरात त्यांच्यावर कोण? मीच अर्ज लिहिला, आणि आम्ही माळकर तिकटीला मुख्य इमारतीत गेलो. महापौर बाई होत्या. आमच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या काकू आत आल्या तशा त्या खुर्चीतून उठल्या. अर्ज शेवटपर्यंत वाचला, काकूंना दोन प्रश्न विचारले, चहा मागवला आणि अर्जाच्या डाव्या समासात लिहिलं: ‘मा. आयुक्त, कृपया आवश्यक ती कार्यवाही व्हावी.’ खाली सही, तारीख.

जिना उतरताना शेजारचे मामा म्हणाले, “झालं! म्हापौरांची सही पडली. उद्या सिमेंट येतंय बघा.”

घरी आल्यावर अण्णांनी अर्जाची झेरॉक्स हातात घेतली, समासातला शेरा वाचला आणि एवढंच म्हणाले, “चांगलं लिहिलंय. ‘कृपया’ लिहिलंय बघ. आता हा कागद कुठं कुठं जातो त्याच्या मागं राहा.”

मी राहिले. आवक क्रमांक पडला. अर्ज आयुक्तांच्या कार्यालयातून शहर अभियंत्यांकडे, तिथून आमच्या विभागीय कार्यालयाकडे गेला. एका सकाळी कनिष्ठ अभियंता आले, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे. त्यांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून गटारीच्या कडेनं मागं सरकत गेले. लांबी, रुंदी, मग गटारीची खोली. वहीत लिहिता लिहिता म्हणाले, “नुसता स्लॅब टाकून भागणार नाही ताई, खालची भिंतच बसलीय.” मग इस्टिमेट झालं. इस्टिमेटला पैसे कुठल्या हेडमधून घालायचे हा प्रश्न आला, तेव्हा आमच्या नगरसेवकांनी आपल्या ऐच्छिक निधीतून रक्कम देतो म्हणून पत्र दिलं. मंजुरी, निविदा, वर्क ऑर्डर. दिवाळीआधी दिलेल्या अर्जाचा स्लॅब गुढीपाडव्याच्या आधी पडला. गल्लीतल्या पोरांनी पहिल्याच संध्याकाळी ओल्या सिमेंटवर पणत्या ठेवल्या.

गल्लीत अजूनही तो ‘म्हापौरांचा स्लॅब’ म्हणूनच ओळखला जातो. खरं म्हणजे त्यात चार-पाच हात होते आणि प्रत्येकाचा अधिकार वेगळा होता. मोजलं अभियंत्यांनी, पैशाची वाट नगरसेवकांनी मोकळी केली, काम करून घेण्याचा अधिकार आयुक्तांचा. आणि महापौरांनी आमच्या बारा जणांचं म्हणणं महापालिकेच्या कागदावर आणलं. कायद्यानं त्यांना त्यापेक्षा जास्त काही करता आलंच नसतं, हे मला कायदा उघडून बघितल्यावर कळलं.

महाराष्ट्रात मुंबई सोडून बाकीच्या महापालिका चालतात त्या १९४९ च्या कायद्यानं. मुळात तो पुणे आणि अहमदाबाद यांच्यासाठी झाला, पुढे एकेका शहराला लागू होत गेला. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची, महापालिका झाली १५ डिसेंबर १९७२ ला, आणि हाच कायदा आपल्याला लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमात महापालिकेची प्राधिकरणं कोणती याची यादी आहे. महापालिका, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची मिळून सभा. स्थायी समिती. प्रभाग समित्या. आयुक्त. आपल्याकडे केएमटी, म्हणजे महापालिकेची बससेवा आहे म्हणून परिवहन समिती आणि परिवहन व्यवस्थापक. ही यादी मी तीनदा वाचली, बोट ठेवून. त्यात महापौर नाहीत.

महापौरांची निवड, मुदत, सभेचं अध्यक्षपद, हे सगळं कायद्यात दुसरीकडे आहे. पण कारभार चालवण्याचा कार्यकारी अधिकार ६७ व्या कलमानं सगळाच्या सगळा आयुक्तांकडे दिलेला आहे, आणि आयुक्तांची नेमणूक करतं राज्य सरकार. आयुक्त सभेत बसतात, बोलतात, खुलासा करतात, मत देऊ शकत नाहीत. सभा ठराव करते, अंदाजपत्रक मंजूर करते, घरफाळ्याचे दर ठरवते. मोठे ठेके स्थायी समितीच्या मंजुरीशिवाय देता येत नाहीत. स्थायीत सोळा सभासद, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. म्हणून तर आपल्याकडे स्थायी सभापतीच्या निवडणुकीला महापौरपदाएवढीच गर्दी होते. ज्याला महापालिका आतून माहीत आहे, त्याला तिजोरीची किल्ली कुठल्या कंबरेला आहे ते ठाऊक असतं.

महापौर हा शब्द सावरकरांनी घडवला. पौर म्हणजे नगरात राहणारा, नागरिक. त्यातला मोठा तो महापौर. अधिकारी असा अर्थ त्या शब्दात कुठेच नाही, हे लक्षात आलं तेव्हा मला शब्द घडवणाऱ्याचं फार कौतुक वाटलं.

माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत असतो. तो म्हणतो, आत्या, न्यूयॉर्कचा महापौर पोलीस आयुक्तसुद्धा स्वतः नेमतो, आणि आपल्याकडे महापौराला साधा मुकादम बदलता येत नाही, ही कसली लोकशाही? प्रश्न रास्त आहे. मला पूर्वी वाटायचं की ही व्यवस्था इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी आपल्यावर लादली आणि आपण ती तशीच ठेवली. मुंबईचा इतिहास वाचल्यावर ते तेवढं सरळ राहिलं नाही. १८६५ मध्ये मुंबईला आर्थर क्रॉफर्ड हे पहिले म्युनिसिपल कमिशनर मिळाले. त्यांनी शहर झपाट्यानं सुधारलं आणि खर्चही तसाच सढळ हातानं केला. १८७१ मध्ये करदात्यांनी त्याविरुद्ध मोठं रान उठवलं. त्या वेळी तरुण फिरोजशहा मेहतांनी वेगळीच बाजू मांडली. कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हातात राहू द्या, पण त्याच्यावर करदात्यांनी निवडून दिलेली सभा बसवा, असं त्यांचं म्हणणं. लोक त्यांच्यावर चिडले होते. पुढे १८७२ च्या कायद्यात करदात्यांना आपले प्रतिनिधी निवडता आले, आणि मुंबईचा १८८८ चा कायदा घडवण्यात मेहतांचा मोठा वाटा होता. तो आजही चालू आहे. आपला १९४९ चा कायदा त्याच्याच वळणावर गेलेला. म्हणजे काम करणारा एक आणि जाब विचारणारे अनेक ही वाटणी एका भारतीय माणसानं विचारपूर्वक मागितली होती.

मला ती वाटणी आज पटते. पूर्ण पटते असं नाही. आयुक्त आपल्याला जुमानत नाहीत असं वाटलं तर सभा त्यांना परत पाठवा म्हणून ठराव करू शकते, पण त्याला एकूण सभासदांच्या पाच अष्टमांश मतं लागतात. एक्याऐंशीच्या सभागृहात एक्कावन्न. त्याच्या उलट सभेनं केलेला ठराव राज्य सरकार निलंबित करू शकतं, विखंडित म्हणजे रद्दही करू शकतं. शहरानं निवडलेल्यांवर एवढे लगाम आणि मुंबईहून येणाऱ्यावर इतके कमी, हे मला खटकतं. हद्दवाढीचंच बघा. १९७२ साली जी हद्द होती तीच आजही आहे, जेमतेम ६७ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाख माणसं तेवढ्यात मोजली गेली. सभेनं कितीही ठराव केले तरी हद्द बदलण्याची अधिसूचना सरकार काढतं. गावांचा विरोध, शहराचा आग्रह, शेवटी २०१७ मध्ये हद्दवाढीऐवजी बेचाळीस गावांचं विकास प्राधिकरण आलं. कोल्हापूरकर तेव्हा महापौरांना विचारत होते, हद्दवाढ कधी? त्या खुर्चीत कुणीही असतं तरी ती तारीख त्यांच्या हातात नव्हती.

टोलच्या वेळचं तर माझ्या अंगावर अजून काटा आहे. रस्त्यांच्या बदल्यात तीस वर्षं टोल घ्यायचा, असा तो करार होता. महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि कंपनी अशा तिघांचा. टोलविरोधी आंदोलनाचे नेते एन. डी. पाटील सर ऐंशी ओलांडलेले, आणि उन्हात मोर्च्याच्या पुढे. आम्ही बायका मागून चालत होतो. चालता चालता एकच विषय पुन्हा पुन्हा निघायचा, या कराराला मान्यता दिली कुणी? तेव्हा मला अण्णांचे ते तीन शब्द आठवले. करारावर सही अधिकाऱ्याची असते, पण एवढ्या मोठ्या करारामागे सभा असावी लागते. आपण रस्त्यावर येऊन बोलतोय ते कुणीतरी आधी सभागृहात बसून बोलायला हवं होतं, एकेक कलम वाचून, तीस वर्षं म्हणजे किती हे मोठ्यानं विचारून. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला. तो रद्द केला राज्य सरकारनं. मोर्च्यातून घरी आल्यावर अण्णा पायाला तेल चोळता चोळता म्हणाले, “विषयपत्रिका आठ दिवस आधी वाचली असती तर एवढं चालावं लागलं नसतं कुणाला.” ते स्वतःलाही त्यात धरून बोलत होते. त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

सभा मी एकदाच बघितली आहे, कॉलेजात असताना, प्रेक्षक गॅलरीतून. खूप आवाज होता. एक सभासद उभे राहिले, त्यांच्या प्रभागातल्या एका व्हॉल्व्हबद्दल विचारायला. जल अभियंत्यांनी उत्तर दिलं. सभासदांचं समाधान झालं नाही. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. बाकीच्यांनी बाकं वाजवली. मग महापौरांनी हात वर केला, आवाज हळूहळू खाली आला, आणि त्यांनी रुलिंग दिलं: प्रशासनानं पुढच्या सभेपुढे लेखी खुलासा ठेवावा. मी वरून अण्णांकडे बघत होते. सगळा वेळ त्यांची मान खाली आणि पेन चालू. आरडाओरडा सुरू झाला की पेन थांबायचं, प्रश्न आला की चालायचं. त्या दिवशी मला वाटलं होतं, हे एवढंच? एका व्हॉल्व्हसाठी एवढी मोठी सभा?

आज वाटतं, हो, त्याच्यासाठीच. त्या पेनाखाली आलेलं वाक्य पुसता येत नाही. कुणी विचारलं, कुणी उत्तर दिलं, कुठल्या तारखेला. पुढच्या सभेत तोच सभासद ते पान उघडून उभा राहतो. महापौरांकडे आदेश नाही, पण कुठला प्रश्न विचारू द्यायचा, किती वेळ, आणि उत्तर पुरेसं झालं की नाही, हे ठरवणारी खुर्ची त्यांची आहे. चांगले महापौर मी त्यांनाच म्हणते ज्यांनी विरोधातल्या माणसाचा प्रश्न पुरा होऊ दिला. कायद्यात महापौरपदाची मुदत अडीच वर्षं, पण आपल्याकडे आघाड्यांच्या आपसातल्या वाटणीत ती माळ काही महिन्यांत या गळ्यातून त्या गळ्यात गेलेली आपण बघितली. सभा चालवायला शिकेपर्यंत राजीनाम्याची तारीख येते. मला त्याचं वाईट वाटतं. शिकलेलं सगळं वाया जातं.

आणि मग खुर्च्याच रिकाम्या झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली. आधी कोरोना, मग प्रभागरचना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला. पाच वर्षं निवडणूक नाही. आयुक्तच प्रशासक झाले. त्यांच्याकडे सभेचे अधिकार, स्थायीचे अधिकार, आणि आयुक्त म्हणून कारभाराचे अधिकारही. प्रस्ताव मांडणारा विभाग त्यांच्या हाताखालचा, आणि मंजुरीचा ‘प्रशासकीय ठराव’ही त्यांच्याच सहीचा. कायद्यात त्याची सोय आहे, कारण शहर थांबवून ठेवता येत नाही. कामंही झाली. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला आलं ते याच काळात, २०२३ च्या नोव्हेंबरात. त्या दिवशी मी नळाखाली हात धरून उभी राहिले होते.

पण पुराची रात्र मला विसरता येत नाही. २०१९ ला पाणी आलं तेव्हा सभागृह होतं. आमच्या गल्लीतून रात्री दीड वाजता नगरसेवकांना फोन गेला आणि ते कंबरेएवढ्या पाण्यातून दोरी घेऊन आले. त्या रात्री त्यांना कुठलाही अधिकार वापरायचा नव्हता. अशा संकटात तातडीनं हवं ते करून घेण्याचा अधिकारही कायद्यानं आयुक्तांकडेच दिलेला आहे, नंतर स्थायी समितीला कळवायचं. नगरसेवक आले कारण त्यांना गल्लीतली कुठली आजी अंथरुणाला खिळलेली आहे ते माहीत होतं. २०२१ च्या जुलैत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी पुन्हा छप्पन्न फुटांपर्यंत चढलं. धोक्याची पातळी त्रेचाळीस. अग्निशमनची बोट आली, जवानांनी जीव तोडून काम केलं, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. माजी झालेले नगरसेवकही आले, ओळखीखातर. पण पाणी ओसरल्यावर पुढे काय, ओढ्याचं काय, निळ्या पूररेषेतल्या बांधकामांचं काय, हे जिथं विचारायचं ती सभा नव्हती. नगरसचिव कार्यालयात तेव्हा अण्णांच्या खुर्चीवर जे कुणी असेल, त्यांच्या पेनाखाली त्या पुराबद्दलचा एकही प्रश्न आला नसणार. हे माझ्या मनाला जेवढं लागलं तेवढं चिखलानं खराब झालेलं कपाटही लागलं नाही.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. आम्ही अण्णांना खुर्चीसकट जिन्यावरून उतरवून नेलं. पूर्वी एका प्रभागाला एक नगरसेवक होता, आता बहुतेक प्रभागांना चार-चार, एकाला पाच. वीस प्रभाग, एक्याऐंशी जागा. मतदान करून बाहेर आल्यावर अण्णांनी पहिलं काय विचारलं असेल? “चौघांत गल्लीचं कोण बघणार, ते ठरवून घेतलंय का तुम्ही?” घेतलं नव्हतं. अजूनही नीट ठरलेलं नाही. एक म्हणतो दुसऱ्याला भेटा, असं होईल की काय याची गल्लीला धास्ती आहे.

गेल्या रविवारी आमच्या ओट्यावर बैठक झाली. पावसाला तीन महिने आहेत. मामांनी नेहमीसारखं सुचवलं, म्हापौरांना निवेदन देऊ, फोटो काढू. मी म्हटलं, देऊ, जरूर देऊ, मान त्यांचा पहिला. पण सोबत आणखी एक कागद करू. आपल्या चौघांपैकी एका नगरसेवकांनी सभेत विचारायचा प्रश्न, आपण लिहून द्यायचा. प्रश्न कसा लिहितात ते कुणालाच माहीत नव्हतं. दोन पानं झाली, त्यात पुराची सगळी कहाणी आली, काकूंच्या शेळ्यासुद्धा आल्या.

अण्णा आत झोपले होते असं आम्हाला वाटत होतं. त्यांनी हाक मारली आणि कागद मागितला. डोळ्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “शेळ्या अर्जात घाल. प्रश्नात उत्तर देता येईल एवढंच ठेव. ‘करावे’ लिहू नको, ‘कधी’ लिही.” पेन त्यांच्या उशाशीच होतं. मी त्यांच्यासमोर बसून दोन पानांची एक ओळ केली:

‘२०१९ व २०२१ च्या महापुराच्या पातळीच्या खुणा शाहूपुरी परिसरातील विजेच्या कोणकोणत्या खांबांवर मारण्यात येणार आहेत, आणि ते काम किती तारखेपर्यंत पूर्ण होईल?’